चिऱ्यांचं बिल

वहीत सगळं आहे.
पहारी दोन, घमेली सहा, त्यातलं एक फुटलेलं,
इनासच्या पिकअपचं डिझेल,
रविवारचे पाव आणि पातळभाजी, सतरा जणांची.
म्हापशाहून एक बाई आल्या, झर बघून पाचशे देऊन गेल्या,
नाव सांगेनात, म्हणून लिहिलंय : निळी छत्री.

सावईवेऱ्यात कुणालाही विचारा,
भाऊंचा हिशेब म्हणजे हिशेब.
वीज खात्यात एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांचे मीटर वाचले.

चिऱ्यांची तीन कोटेशनं आली.
एक्कावन्न. सेहेचाळीस. त्रेचाळीस.
शाळेच्या व्हरांड्यात मी तिन्ही मोठ्याने वाचली,
आकडे वाचले, खाणींची नावं वाचली
आणि तिसऱ्या नावापाशी पाणी प्यालो.
हात वर झाले. माझाही.
खोटं काय होतं त्यात?
त्रेचाळीस सेहेचाळीसपेक्षा कमीच असतात.
चिराही चांगला, कोपरे न झडलेला,
ठोकला की खणकन बोलणारा.

अर्धी भिंत उभी राहिल्यावर रुझारिनने विचारलं.
ती गुडघाभर चिखलात, पायरीचं शेवाळ खरवडत होती.
वर न बघताच म्हणाली,
"भाऊ, हो नारायण तुमचो कोण?"

मेवणा, म्हटलं.

घमेल्यांची रांग थांबली.
मग सगळे माझ्या बाजूने बोलू लागले,
आणि तेच वाईट झालं.
भाऊ पदरचं पेट्रोल घालतात.
भाऊंनी दुखऱ्या गुडघ्याने गाळ उपसलाय.
भाऊ खातील?
शाणू तर तिच्यावरच उखडला,
दोन रविवार तू कुठे होतीस, म्हणाला.
ती म्हणाली, चोर नाही म्हटलं मी. कोण, एवढंच विचारलं.

रात्री वही उघडली.
ठरावाच्या पानावर, सह्यांच्या वर,
एक ओळ मोकळी सुटली होती.
बारीक अक्षरात नीट बसली असती :
'खजिनदारांनी नातं सभेला सांगितलं.'
शाई तीच. पेन तेच.
बायकोने दोनदा दिवा मालवायला सांगितलं.
नारायण तिचा धाकटा भाऊ,
आमच्या लग्नात अंतरपाटाचं एक टोक धरून उभा होता.

मग नवं पान घेतलं, त्याच दिवसाची तारीख घातली :
नारायण वेरेकर माझ्या पत्नीचा सख्खा भाऊ.
हे आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.
पुढचं मंडळाने ठरवावं, तेव्हा मी बाहेर थांबेन.

आणि थांबलो.
फणसाखाली, स्कूटरच्या सीटवरचा चीक
नखाने काढत.
आतलं काही ऐकू येत नव्हतं, फक्त एकदा हसले सगळे.
इतक्या वर्षांच्या बैठकांत मी नेहमी आत होतो,
बाहेर हे असं असतं, ठाऊक नव्हतं.

उरलेले दोनशे चाळीस चिरे सेहेचाळीसवाल्याकडून आले.
सातशे वीस रुपये जास्त. वहीत आहे.
चवथीला नारायण आला नाही.
नेवऱ्यांचा डबा मीच नेऊन दिला,
त्याने दारातच घेतला,
आत ये म्हणाला नाही.

वही आता व्हरांड्यात खिळ्याला टांगलेली असते.
फारसं कुणी वाचत नाही.
एकदा कुणीतरी मागच्या पानावर फुली-गोळा खेळून ठेवला.

झर वाहते. भिंतीत दोन रंग आहेत,
खाली तांबडा, वर पिवळट,
मधली रेघ कमरेएवढ्या उंचीला.
पोरं विचारतात, गवंडी चुकला का?
नाही रे, म्हणतो,
आणि ओल्या दगडावर बोट ठेवून दाखवतो,
इथपर्यंत माझ्या मेवण्याचे.